दम लवकर वाढतो, हाडे सावकाश

पहाटे साडेपाचच्या सुमारास महाडहून पोलादपूरकडे निघाले, की रस्त्याच्या कडेने दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणजे हातात बॅटरी घेऊन चालणारी, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली मंडळी. डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाब सांगितल्यावर ती चालू लागलेली असतात. दुसरी म्हणजे पोलीसभरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी अठरा-वीस वर्षांची मुले-मुली. ती धावत असतात आणि बहुतेक वेळा जीव तोडून धावत असतात.

पोलादपूर तालुक्यातल्या एका शिक्षकमित्राने मला या मुलांबद्दल एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "भरतीची जाहिरात आली की आमची मुलं धावायला लागतात. पहिले पंधरा दिवस एकदम खूश असतात. 'सर, दम वाढला' म्हणून सांगायला येतात. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यातलीच दोन-चार नडगी धरून लंगडत येतात. हे दरवर्षी होतं. मुलं कमी पडतात, की आम्ही काही चुकीचं शिकवतो?"

प्रश्न फार चांगला आहे. त्याचे उत्तर कळले, तर धावणाऱ्यालाच नव्हे, तर चालणाऱ्यालाही आपला व्यायाम कसा आखायचा हे कळते. थोडक्यात उत्तर असे, की शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. दम काही दिवसांत सुधारतो, स्नायूंना काही आठवडे लागतात आणि हाडांना काही महिने. आपण मात्र आपली तयारी मोजतो ती दमावरून.

पहिल्या पंधरा दिवसांत काय होते?

नियमित व्यायाम सुरू केल्यावर सर्वांत आधी बदलते ते रक्त. पहिल्या आठवड्यातच रक्तातील द्रवाचे, म्हणजे रक्तद्रवाचे, प्रमाण वाढू लागते. द्रव वाढला की हृदय दर ठोक्याला अधिक रक्त बाहेर टाकू शकते. त्यामुळे तेच अंतर त्याच वेगाने धावताना नाडी कमी पडते आणि धाप कमी लागते. 'दम वाढला' असे मुलाला वाटते ते खोटे नसते. दम खरोखरच वाढलेला असतो.

त्यानंतर स्नायूंच्या पेशी बदलतात. प्राणवायू वापरून अन्नातली ऊर्जा मोकळी करण्याचे काम पेशींमधल्या तंतुकणिका करतात. जॉन होलोझी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. फिरत्या पट्ट्यावर बारा आठवडे धावायला लावलेल्या उंदरांच्या पायांच्या स्नायूंत तंतुकणिकांमधल्या विकरांची क्रियाशीलता सुमारे दुपटीने वाढली होती. माणसातही हेच घडते, पण त्याला एक-दोन आठवडे पुरत नाहीत. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी फरक चांगला जाणवू लागतो. व्यायाम थांबवला तर काही आठवड्यांत ही कमाई ओसरूही लागते.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा याहून सावकाश बदलतात. त्यांच्यातला रक्तपुरवठा कमी असतो आणि तंतूंची नवी बांधणी व्हायला महिने लागतात. सर्वांत मागे राहते ते हाड.

खणलेला रस्ता

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्यात जुना भाग काढून टाकणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग बांधणाऱ्या पेशीही असतात. नव्या प्रकारचा ताण पडू लागला की हाड स्वतःची दुरुस्ती आणि पुनर्रचना सुरू करते. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी काढणाऱ्या पेशी काम करतात. एका जागचा जुना भाग पोखरून काढायला त्यांना दोन ते तीन आठवडे लागतात. मग बांधणाऱ्या पेशी येतात. ती जागा भरून पक्की व्हायला साधारण तीन महिने लागतात.

मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण पाहिलेल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रस्ता चांगला करण्यासाठी आधी तो खणावा लागतो. खणलेला असताना तो पहिल्यापेक्षा कच्चा असतो. नेमक्या त्याच काळात त्यावरून रोज जास्त आणि जड वाहतूक सोडली, तर तो खचतो.

आता शिक्षकमित्राच्या मुलांकडे पाहा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाडाचा रस्ता खणलेला असतो. दम मात्र वाढलेला असतो, म्हणून मुलगा दुप्पट धावतो. धावताना दर पावलाला जमिनीचा उलट दाब शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट असतो आणि एका किलोमीटरमध्ये हजाराच्या आसपास पावले पडतात. परिणामी नडगीच्या आतल्या कडेने दुखू लागते. सुरुवातीला ही दुखापत हाडाच्या आवरणाची आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंची असते. तरीही धावत राहिल्यास हाडाला बारीक चीर जाऊ शकते.

हा प्रकार नवा नाही. ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने १८५५ साली लांब संचलनानंतर पाय सुजलेल्या, लंगडणाऱ्या सैनिकांचे वर्णन करून ठेवले आहे. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळले, की त्यांतल्या अनेकांच्या पावलांची हाडे चिरली होती. आजही जगभरच्या सैन्यांत नव्या रंगरुटांना पहिल्या काही आठवड्यांत ही दुखापत होते. तेव्हा दोष मुलांच्या जिद्दीत नाही. चुकते ते वेळेचे गणित.

एक खूण लक्षात ठेवावी. दुखणे नडगीभर पसरलेले असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर काही दिवस धावणे कमी करून चालावे. पण बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणे पूर्ण थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. गोळीने कळ थांबते, चीर थांबत नाही.

वरच्या वाडीतली मुले

याच शिक्षकांचे आणखी एक निरीक्षण होते. डोंगरावरच्या वाड्यांतून रोज चालत शाळेत येणारी मुले कमी लंगडतात. हे निरीक्षण शास्त्राशी जुळणारे आहे. वाढत्या वयात हाडांवर नियमित ताण पडला तर ती अधिक भक्कम बनतात. फिनलंडमधल्या संशोधकांनी टेनिस खेळणाऱ्या मुलींचे आणि स्त्रियांचे दोन्ही हात तपासले, तेव्हा खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा दाट आढळले. ज्यांनी पाळी सुरू होण्याच्या सुमारास किंवा त्याआधी खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्यात हा फरक कितीतरी मोठा होता. हा अभ्यास १९९५ सालचा आहे.

बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सुमारे सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जात-येत असे. पुढे सैन्यात गेल्यावर तो तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला आणि २०२२ सालच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. चालत शाळेत जाणारा प्रत्येक मुलगा साबळे होत नाही, हे उघड आहे. पण पाया जाहिरातीनंतरच्या दोन महिन्यांत घातला जात नाही, तो आठवी-नववीपासून घालावा लागतो. एरवी रिक्षाने शाळेत येणाऱ्या मुलाने तीच सवय चालण्याने आणि खेळण्याने लावून घ्यायला हवी.

गप्पा मारता आल्या पाहिजेत

मग धावायचे तरी कसे? याचे उत्तर अनेकांना पटत नाही: बहुतेक दिवस सावकाश. इतके सावकाश, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे.

ही कसोटी घरगुती वाटली तरी तिला आधार आहे. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की स्नायूंत आम्लता वाढू लागते. ती शमवताना रक्तात जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास झपाट्याने वाढतो. वाक्य मधेच तुटू लागते ते साधारण याच सुमारास. म्हणजे बोलता येणे हे फुकट मिळालेले मोजमाप आहे, त्यासाठी मनगटावर महाग घड्याळ लागत नाही. 'दोनशेवीस वजा वय' हे कमाल नाडीचे सूत्र अनेकांना पाठ असते, पण ते सरासरीचे आहे. एखाद्या व्यक्तीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते.

"पण सर, परीक्षेत तर जोरात धावायचे आहे", असे मुले म्हणतील. महाराष्ट्राच्या पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पाच-सहा मिनिटांच्या धावण्यात लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने मिळते. त्यामुळे प्राणवायू पोचवणारी आणि वापरणारी यंत्रणा वाढवणे हीच मुख्य तयारी. ती यंत्रणा सावकाश धावण्यानेही वाढते आणि हाडांना सांभाळून वाढते.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी हे मैदानावर सिद्ध केले. त्यांचा शिष्य पीटर स्नेल याची शर्यत होती अवघी ८०० मीटरची. तरी लिडियार्ड त्याच्याकडून महिनोन्महिने ऑकलंडजवळच्या डोंगरी रस्त्यांवर आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावून घेत. वेगाचा सराव शेवटच्या काही आठवड्यांत येई. स्नेलने १९६० साली रोमला ८०० मीटरचे आणि १९६४ साली टोकियोला ८०० व १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. आपल्याला १६० किलोमीटर नकोत, क्रम मात्र तोच हवा: आधी पाया, मग वेग.

एका दिवसाचा उत्साह

अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो तपासून पाहिला गेला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत नवशिक्यांचे दोन गट केले होते. एका गटाने दहा टक्क्यांचा नियम पाळला, दुसऱ्याने जरा लवकर वाढ केली. दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. २०२५ साली पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याच्या एकूण अंतरापेक्षा एका दिवसाचे अंतर महत्त्वाचे ठरले. मागच्या तीस दिवसांत जितके सर्वांत लांब धावलो असू, त्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक अंतर एकाच दिवशी धावले, की दुखापतीचा धोका वाढलेला दिसला.

याचा अर्थ असा: आठवडाभर चुकवलेले रविवारी एकदम भरून काढू नये. रोज दोन किलोमीटर धावणाऱ्याने मित्राबरोबर पैजेखातर सात किलोमीटर धावू नये. असा एक दिवस आपल्या शाळांत दरवर्षी येतो, तो म्हणजे गडाच्या सहलीचा.

रायगडाचा हिशेब

रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. तो जवळजवळ ४०० मीटर उंची चढवतो. पायऱ्यांनी जाणाऱ्याला हीच उंची स्वतःच्या पायांनी चढावी लागते असे धरू. साठ किलो वजनाच्या माणसाला ४०० मीटर वर नेण्याचे काम म्हणजे ६० × ९.८ × ४००, सुमारे २३५ किलोज्यूल. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा पाचवा-चौथा हिस्साच अशा कामात बदलू शकतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे प्रत्यक्ष खर्च सुमारे एक हजार किलोज्यूल, अर्थात अडीचशे किलोकॅलरी. नाचणीच्या एक-दोन भाकरींत माणूस रायगड चढतो.

ऊर्जेचा हिशेब सोपा आहे, कस लागतो तो वेगाचा. हा चढ एका तासात चढला तर मिनिटाला सव्वा लिटरपेक्षा थोडा कमी प्राणवायू लागतो. तेवढा बहुतेक निरोगी प्रौढ पुरवू शकतात. तोच चढ अर्ध्या तासात चढायचा म्हटले तर दोन लिटर लागतो. बैठे काम करणाऱ्या मध्यमवयीन माणसाची कमाल मर्यादा साधारण तेवढीच असते. गड तोच, माणूस तोच, पण एक जण गप्पा मारत पोचतो आणि दुसरा पायरीवर छाती धरून बसतो. मुलांच्या शर्यतीच्या नादी लागून वर जाणाऱ्या शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

उतरताना दम लागत नाही, म्हणून उतार सोपा वाटतो. दुसऱ्या दिवशी मात्र घरातल्या दोन पायऱ्या उतरतानाही मांड्या बोलतात. याचे कारण असे, की चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, तर उतरताना तो ताणला जात असताना शरीराला धरून ठेवतो. ब्रेकसारखे हे काम स्वस्तात होते, पण त्यात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणे एक-दोन दिवसांनी शिगेला पोचते आणि चार-पाच दिवसांत जाते. त्याचा दोष आम्लाला दिला जातो, तो चुकीचा आहे. व्यायामात वाढलेले आम्ल तासा-दोन तासांत निघून जाते.

चांगली गोष्ट ही, की एकदा थोडी इजा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला सरावलेला राहतो. भातलावणीच्या पहिल्या दिवशी अंग आंबते आणि चौथ्या दिवशी तेच काम सहज होते, हा अनुभव इथल्या घराघरांत आहे. म्हणून सहलीच्या दोन आठवडे आधी मुलांना गावाजवळची एखादी टेकडी एक-दोनदा सावकाश चढ-उतार करायला लावावी. रायगड उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि उड्या मारू नयेत.

घाम कधी उपयोगी पडतो?

उष्णतेचा प्रश्न मात्र जिवाशी येऊ शकतो. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीसभरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत सहभागी झालेल्या काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर चाचणीचे अंतर कमी करण्यात आले. पाच किलोमीटर म्हणजे काही फार नाही, असे वाटते. म्हणून त्याचा हिशेब करून पाहू.

धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोचा तरुण पाच किलोमीटर धावला तर ३०० किलोकॅलरी. त्यातल्या निदान तीन चतुर्थांश, म्हणजे २२५, उष्णता होतात. साठ किलोच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. ही सगळी उष्णता आत अडकून राहिली, तर तापमान साडेचार अंशांनी चढेल. सदतीसवरून साडेएकेचाळीस. चाळीस अंशांच्या वर मेंदू आणि इतर अवयव धोक्यात येतात.

एरवी तसे होत नाही, कारण एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षाही कमी घाम पुरे. अट एकच: तो वाळला पाहिजे. टपकून जमिनीवर पडलेला घाम काहीच थंडावा देत नाही. महाड-पोलादपूरच्या खोलगट भागात एप्रिल-मेपासून पावसाच्या तोंडापर्यंत ऊनही असते आणि दमटपणाही. हवेत आधीच बाष्प भरलेले असल्याने घाम अंगावर वाळत नाही. म्हणून देशावरच्या कोरड्या उन्हापेक्षा इथले कमी तापमानही जास्त त्रासदायक ठरू शकते.

त्यामुळे काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात:

या दिवसांत धावणे सकाळी सातच्या आत संपवावे. दुपारी चारला मैदानावर धावायला लावू नये.

वजन उतरवण्यासाठी जाडजूड जॅकेट घालून धावणे बंद करावे. त्याने चरबी उतरत नाही, फक्त पाणी जाते आणि घाम वाळायचा थांबतो.

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. थंडीत सराव केलेल्याने एकदम मेच्या उन्हात पूर्ण वेगाने धावू नये.

तहानेप्रमाणे पाणी प्यावे. मीठ घातलेली पेज किंवा कोकमाचे सरबत उत्तम. मात्र बळेच लिटरच्या लिटर पाणी पिणेही घातक आहे, त्याने रक्तातले मिठाचे प्रमाण घसरते.

ताप-सर्दी-जुलाब असताना धावू नये.

धावताना कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर थांबून वाट पाहू नये. सावलीत आडवे करावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा असतो. आंबेनळी, वरंध किंवा कशेडी घाटाच्या रस्त्याने मुसळधार पावसात चालण्या-धावण्याचा हट्ट धरू नये. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे कोसळलेली दरड या भागात कोणी विसरलेले नाही. त्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात पायरी चढ-उतार केली तरी दम टिकतो.

सोळा आठवड्यांचा आराखडा

वर सांगितलेली सगळी घड्याळे लक्षात घेतली, तर नवशिक्याला साधारण सोळा आठवडे हवेत.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. यातले शेवटचे दोन आठवडे, एक दिवस आड, चालताना मधूनमधून एक-एक मिनिट सावकाश धावणे.

पाच ते आठ: एक दिवस आड, दोन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे सात-आठ वेळा. मधल्या दिवशी नुसते चालणे. हाडाचा रस्ता याच काळात खणलेला असतो, म्हणून दम कितीही वाढला तरी हे वाढवू नये.

नऊ ते बारा: सलग सावकाश धावणे, पंधरा मिनिटांपासून पंचवीस-तीस मिनिटांपर्यंत, आठवड्यातून तीन-चार दिवस. एक दिवस टेकडीचा चढ चालत.

तेरा ते सोळा: भरतीच्या उमेदवारांनी आठवड्यातून एकच दिवस वेगाचा सराव करावा. उदाहरणार्थ, ४०० मीटर जोरात, मग श्वास पूर्ववत होईपर्यंत चालणे, असे चार वेळा. शेवटच्या आठवड्यात सराव निम्मा करावा.

दर चौथा आठवडा हलका ठेवावा. शक्य असेल तिथे डांबरी रस्त्यापेक्षा मैदानावर किंवा मातीच्या वाटेवर धावावे, रहदारीच्या रस्त्यावर तर नकोच. बूट महाग नसले तरी चालतात, पण ते पायाला नीट बसणारे हवेत. नवे बूट परीक्षेच्या दिवशी प्रथम घालू नयेत. झोप पुरेशी घ्यावी, कारण दुरुस्तीचे बरेचसे काम विश्रांतीतच होते.

चालणाऱ्यांसाठी

पन्नाशीच्या मंडळींना वाटेल, की हे सगळे मुलांसाठी आहे. तसे नाही. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा, रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालक नोकरीला लागतानाच अधिक जाड असल्याचे दिसले. म्हणजे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नव्हते. पण त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला पुष्टी दिली आहे.

रोज दहा हजार पावलांचा आकडा मात्र प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे ते नाव होते. सात-आठ हजार पावलांपर्यंत फायदा झपाट्याने वाढतो, पुढे सावकाश. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. तेव्हा अर्धा तास, पाच दिवस, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने चालले तरी ते पुरेसे आहे. चालताना छातीत जडपणा आला, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, तर मात्र 'गॅस असेल' म्हणून पुढे न चालता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या मुलांना जोड्यांनी बसवा. मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायला सांगा. मग शाळेच्या एकाच पायरीवर तीन मिनिटे, मिनिटाला वीस वेळा, चढ-उतार करायला लावा. थांबल्याबरोबर आणि पुन्हा एक मिनिटाने नाडी मोजा. एका मिनिटात नाडी कितीने उतरली, ते वहीत लिहा. आठवड्यातून चार दिवस चालण्या-धावण्याचा कार्यक्रम ठेवून दर सोमवारी हीच मोजणी करा आणि बारा आठवड्यांचा आलेख काढा. दमा किंवा हृदयाचा आजार असलेल्या मुलांना नोंदी ठेवण्याचे काम द्यावे.

बहुतेक आलेखांत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मोठा फरक दिसेल, नंतर तो मंदावेल. तो आलेख फळ्यावर काढून त्याखाली हाडाच्या दुरुस्तीची रेघ काढा: तीन आठवडे खणणे, तीन महिने भरणे. पहिली रेघ वर चढते तेव्हाच दुसरी खाली गेलेली असते, हे मुलांना स्वतःच्या नोंदीवरून दिसेल.

शिक्षकमित्राला मी हेच कळवले. आता ते जाहिरातीची वाट पाहत नाहीत. अकरावीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीनंतर चालायला लावतात, आणि कोणी तिसऱ्या आठवड्यात "सर, दम वाढला, आता अंतर वाढवू का?" असे विचारायला आला, तर त्याला आधी नडगी दाबून बघायला सांगतात.